व्हर्जिल टॅकेटचा लाल ठिपका

मेलेल्या माणसाच्या नावाने तुम्ही निकाल दिलात. यंत्राची गफलत झाली असं सांगू नका. तो गेलाय हे तुम्हाला जानेवारीपासून लेखी माहीत होतं, आणि तरी एप्रिलमध्ये त्याच्या नावाने एका बाईच्या सिनेमावर लाल ठिपका लावलात.

तुम्ही म्हणजे नक्की कोण, ते मला माहीत नाही. तुमच्या पत्रांखाली माणसाचं नाव कधी नसतं, 'समीक्षक विभाग' एवढंच असतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितोय. तुमच्यातला जो कोणी हे वाचेल, त्याला 'मला काही कल्पना नव्हती' म्हणायला जागा ठेवायची नाही.

मी ऑर्विल ड्रॅबिक. टोलीडोच्या दैनिकात एकतीस वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहितोय. त्याआधी चौदा वर्षं काचेच्या कारखान्यात होतो. मोटारींच्या पुढच्या काचा दिव्यासमोर धरायच्या, आत बुडबुडा दिसला की पिवळ्या खडूने फुली मारायची. फुलीची काच मागे जायची आणि फोडली जायची. दिवसाला चारशे काचा. कॉलेजात मी कधी गेलो नाही. सिनेमा बघायला शिकलो तो पाळी सुटल्यावर नदीकाठच्या थिएटरात, दुपारच्या खेळांना, डब्यातलं सँडविच खात. पेपरने कामावर घेतलं तेव्हा मी एकच अट घातली, की सिनेमाला तारे देणार नाही. फुल्या मारून मारून हात भरून आला होता, आता परत खडू धरायचा नव्हता. ज्याला माझं मत हवं असेल त्याने माझे सहाशे शब्द वाचावेत. आमच्या जुन्या संपादकाला ते पटलं. तो म्हणाला, "नको देऊस बाबा. छपाईची शाई तेवढीच वाचेल."

मग तुम्ही आलात. देशभरच्या समीक्षकांची परीक्षणं गोळा करायची, प्रत्येकाला एक ठिपका लावायचा, पसंत असेल तर हिरवा, नापसंत असेल तर लाल, आणि शंभरात किती हिरवे तो आकडा सिनेमाच्या नावापुढे ठोकून द्यायचा. लोक तो आकडा बघून तिकीट काढायला लागले, थिएटरवाले तो आकडा बघून पडदा द्यायला लागले. जे समीक्षक तारे देतात त्यांचं सोपं होतं. माझ्यासारख्या बिनताऱ्यांसाठी तुम्ही नियम केलात: परीक्षण छापून आलं की अठ्ठेचाळीस तासांच्या आत समीक्षकाने स्वतः चौकटीत खूण करावी, हिरवी की लाल. नाही केली तर विभाग वाचून ठरवेल.

मी अकरा वर्षांत एकदाही खूण केली नाही. तुमचं पान उघडूनसुद्धा पाहिलं नाही. ही माझी चूक, ती मी लिहून देतो. मला वाटत होतं, ठिपक्यांना हात न लावणं म्हणजे माझा निषेध आहे. तुम्हाला तो निषेध कळलाही नाही. माझ्या नावाने दोन हजारांवर ठिपके तुम्ही लावलेत आणि मी इकडे मान ताठ करून हिंडत होतो.

आता इलोनाबद्दल. इलोना व्हारगा एकसष्ट वर्षांची आहे. त्याच नदीकाठच्या थिएटरात तिने सत्तावीस वर्षं वरच्या खोलीत बसून सिनेमे दाखवले. रिळं गेली, यंत्रं आपोआप चालायला लागली, तिला घरी बसवलं. मग तिने स्वतः एक सिनेमा केला, नऊ वर्षं लावून. त्याआधी एका मार्चमध्ये तिचा धाकटा भाऊ गोठलेल्या ईरी तळ्यावर मासे धरायला गेला होता. बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला, वर तो धरून सात जण. सिनेमात ते सात जण दिसतच नाहीत. काठावर उभ्या असलेल्या माणसांचे आठ तास दिसतात, आणि बर्फ ऐकू येतो. त्या आवाजासाठी ती तीन हिवाळे पाण्याखाली माइक सोडून बसली. थिएटरात तो आवाज खुर्चीतून पाठीत येतो. फोनवर लावा, काहीच ऐकू येत नाही.

त्या सिनेमाला एका कंपनीने चाळीस शहरांत पडदे देऊ केले होते. अट एकच, तुमचा आकडा. शुक्रवारी दुपारी बाराला साठ किंवा वर असेल तर चाळीस पडदे. खाली असेल तर थिएटर नाहीच, सरळ घरच्या पडद्यावरच्या ढिगाऱ्यात. तिथे लोक तो इस्त्री करता करता लावतील, पाच मिनिटं बघतील आणि बंद करतील.

समीक्षकांचा खेळ गेल्या आठवड्यात गुरुवारी होता. आम्ही चौघं होतो. आमच्यात एक रीत आहे, सिनेमा संपला की गाड्यांपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. दारात प्रसिद्धीवाली पोरगी वही घेऊन उभी असते, कसा वाटला म्हणून विचारते, आणि आम्ही सगळे एकच उत्तर देतो, "पाहिला." त्या दिवशी मी तिला वळसा घालून सरळ गाडीकडे गेलो. गाडीत वीस मिनिटं बसून राहिलो, किल्ली न फिरवता.

रविवारी माझं परीक्षण छापून आलं. मंगळवारी दुपारी इलोनाने मला हॉटडॉगच्या दुकानात बोलावलं. दोघांची थाळी मागवली आणि स्वतः हात लावला नाही.

"ड्रॅबिक, सिनेमा आवडला नाही तर तोंडावर सांगायचंस. आपण काय आजचे ओळखीचे आहोत?"

"आवडला नाही? तू वाचलंस का मी काय लिहिलंय?"

"चार वेळा. 'हा सिनेमा दोन दिवस माझ्या छातीवर ओल्या कुत्र्यासारखा बसून होता. मी परत बघणार नाही, तेवढी ताकद माझ्यात नाही.' आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, या माणसाला डॉक्टरकडे न्या."

"आणि शेवट?"

"'पण तुम्ही जा.'"

"मग?"

"मग ते तीन शब्द त्यांनी मोजले नसतील." तिने फोन माझ्यापुढे सरकवला. माझ्या नावापुढे लाल ठिपका होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःचा ठिपका पाहिला.

"हे मी दिलेलं नाही."

"तू काहीच देत नाहीस. सगळ्या गावाला माहीत आहे, ड्रॅबिक खुणा करत नाही. एक चौकट होती रे तुझ्यासमोर. एक बोट लावायचं होतं. अकरा वर्षं ताठा तुझा, आणि फुली पडली माझ्या काचेवर."

ती पुढे हिशेब सांगत राहिली, शांतपणे, एखाद्याला औषधाच्या वेळा सांगाव्यात तशी. अकरा समीक्षक, त्यात सहा हिरवे. म्हणजे पंचावन्नलाही टेकत नाही. माझा एक फिरला तर अकरापैकी सात, त्रेसष्टच्या वर.

"बाकी लाल कोण?"

"शिकागोची ती दोघं, त्यांना तर स्वतःची आईही लांबलेली वाटेल. एक डेन्व्हरचा. एक तू. आणि एक व्हर्जिल."

"कोण व्हर्जिल?"

"आपला व्हर्जिल. टॅकेट."

मी काटा खाली ठेवला. "इलोना, व्हर्जिलला आपण डिसेंबरात पुरला. तू पेटी धरली होतीस."

"मी काय धरलं होतं ते मला माहीत आहे. तारीख बघ."

तारीख आदल्या दिवशीची होती, सोमवारची. व्हर्जिल टॅकेट, लाल, आणि खाली एक ओळ: 'हेतू चांगला, पण सिनेमा लांबलेला.' पन्नास वर्षं व्हर्जिलने परीक्षणं लिहिली. त्याच्यापुढे कोणी चांगल्या हेतूबद्दल बोललं की तो म्हणायचा, "हेतू चर्चमध्ये दाखव, मला सिनेमा दाखव." मी वर सरकवत गेलो. मार्चमध्ये चौदा निकाल, फेब्रुवारीत अकरा. एक भयपट लाल, एक गाण्याबजावण्याचा हिरवा, घोड्यांवरचा एक हिरवा, बोलक्या बदकांचा एक हिरवा. व्हर्जिलचा पेपर दोन वर्षांपूर्वीच बंद पडला. त्यानंतर तो थेट तुमच्याच पानावर लिहायचा. म्हणजे मध्ये कोणी संपादक नाही, कोणी विचारणारा नाही, की बाबा रे, हे कोण लिहून पाठवतंय.

"त्याचा काढला तर दहापैकी सहा," इलोना म्हणाली. "बरोबर साठ. तुझा फिरव नाहीतर त्याचा काढ. दोन्हीतलं एक कर, ड्रॅबिक. मी त्यांना लिहिलं तर म्हणतात, तुम्ही संबंधित आहात, तुमचं ऐकता येत नाही."

मी त्याच दुपारी तुम्हाला लिहिलं. दोन मुद्दे. माझा निकाल हिरवा आहे, तसा करा. आणि टॅकेट मेलाय.

तुमचं उत्तर बुधवारी सकाळी आलं. ते मी पाठ केलंय. 'आपला निकाल आपल्या नोंदीशी ताडून पाहिला. भयपट: एकशे अठ्ठ्याऐंशी, पैकी हिरवे एकशे एकवीस. युद्धपट: ब्याण्णव, पैकी हिरवे साठ. विनोदी: तीनशे चार, पैकी हिरवे नव्वद. स्त्री दिग्दर्शकांचे शोकपट: चौतीस, पैकी हिरवे नऊ. आपला निकाल आपल्या नोंदीशी सुसंगत आहे. बदल करता येत नाही.'

ती नोंद तुम्हीच लिहिलेली. ठिपके तुमचे, बेरीज तुमची, आणि तीच बेरीज तुम्ही माझ्या तोंडावर फेकलीत. राग आला आणि मी पेपरच्या तळघरात जाऊन फायली काढल्या. ती चौतीस परीक्षणं एकामागोमाग एक वाचली. पंचवीस लालांपैकी अकरा धडधडीत चुकीचे होते. माझं कौतुक तुम्हाला कळलं नाही, कारण मी कौतुक ओरडून करत नाही. पण उरलेली चौदा. ती वाचताना माझा राग हळूहळू थंड पडत गेला. एका बाईच्या पहिल्या सिनेमाला मी 'रडका' म्हटलंय. दुसरीच्याला 'घरगुती'. त्याच वर्षी एका पुरुषाच्या तितक्याच रडक्या सिनेमाला मी 'संयत' म्हटलंय. हे तुमचं नव्हतं, हे माझ्या हातचं होतं. तिथे जमिनीवर बसून मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की इलोनाचा सिनेमा मला खरंच आवडलाय, की मला इलोना आवडते म्हणून मी 'पण तुम्ही जा' लिहिलं. उत्तर सापडायला अर्धा तास लागला. आवडलाय. पण तो अर्धा तास तुम्ही माझ्याकडून काढून घेतलात, आणि तो मला परत मिळणार नाही.

तुमच्या पत्रात खाली आणखी एक परिच्छेद होता. 'श्री. टॅकेट सक्रिय आहेत. त्यांचा शेवटचा निकाल काल दुपारी नोंदवला गेला. आपण मात्र अकरा वर्षांत एकदाही खूण केलेली नाही. आपण हयात असल्याची खात्री खालील चौकटीत करावी, अन्यथा आपले खाते विभागाकडे वर्ग होईल.'

मी खूण केली. आयुष्यात तुमच्या चौकटीत केलेली पहिली खूण, आणि ती कशासाठी, तर मी जिवंत आहे हे सांगायला.

त्याच दुपारी दोन वाजता एका भयपटाचा खेळ होता, शेतावरचं घर आणि विहीर असला. एक वाजता, गाडीत बसण्याआधी, मी तुमचं पान उघडलं. सवय लागलीच होती. माझ्या नावापुढे त्या सिनेमाचा हिरवा ठिपका होता. मी अजून घरी होतो, पायात बूटही घातले नव्हते. खाली ओळ होती: 'विहिरीत काय आहे ते दिग्दर्शक दाखवत नाही, आणि तेच त्याचं शहाणपण.'

मी गेलो. पाठीमागच्या रांगेत बसलो. विहिरीत काय आहे ते शेवटपर्यंत दाखवलं नाही. दिवे लागले आणि माझ्या डोक्यात पहिलं वाक्य आलं ते तेच होतं, शब्दाला शब्द. मी ते आधी वाचलं होतं म्हणून आलं, की मी तेच लिहिलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. दारात पोरीने विचारलं, "कसा वाटला, मिस्टर ड्रॅबिक?" मी म्हणालो, "तुला माझ्याआधी कळलं असेल." तिला वाटलं मी थट्टा करतोय. ती हसली.

परीक्षण अजून लिहिलेलं नाही. लिहायला बसलो की हात थांबतो.

गुरुवारी दुपारी मी आर्लीनकडे गेलो. आर्लीन म्हणजे व्हर्जिलची बायको, तळ्याच्या बाजूला राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिने मक्याचा पाव आणि बीन्स पुढे ठेवल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तू त्या ठिपक्यांसाठी आलायस."

"तुला माहीत आहे?"

"जानेवारीपासून. बघ की." फ्रिजच्या दारावर कागद लावले होते, चुंबकाखाली चुंबक. व्हर्जिलचे निकाल, तो गेल्यानंतरचे. "रोज सकाळी कॉफीबरोबर वाचते. गाण्यांचे सिनेमे आवडायला लागलेत त्याला. लग्नाची सत्तेचाळीस वर्षं मी मागे लागले होते, एकालाही कधी घेऊन गेला नाही. मेल्यापासून स्वभाव सुधारलाय."

मी हसलो नाही. तीही हसली नव्हती.

"आर्लीन, तो व्हर्जिल नाही."

"मी म्हातारी आहे ऑर्विल, खुळी नाही." तिने खणातून तुमचं पत्र काढलं. जानेवारीचं. तिने तुम्हाला कळवलं होतं, नवरा गेला, त्याच्या नावाने काही टाकू नका. तुम्ही उत्तर दिलंत: 'मृत्यूचा दाखला पाठवल्यास खाते बंद करता येईल. खाते बंद झाल्यावर त्यातील सर्व सहा हजार एकशे चाळीस परीक्षणे व निकाल कायमचे काढले जातील. काही भाग ठेवता येत नाही.'

"आता सांग," ती म्हणाली. "पेपर बंद झाला तेव्हा त्याच्या फायली तळघरात होत्या. पाणी शिरलं, सगळ्याचा लगदा झाला. त्याने जन्मभर जे लिहिलं ते या लोकांनी आधीच आपल्या पानावर चढवून घेतलं होतं, आता ते फक्त त्यांच्याकडे आहे. मी दाखला पाठवला तर ते जाळणार. नाही पाठवला तर त्याच्या तोंडाने कोणीतरी बोलत राहणार. मी म्हटलं, बोल बाबा. निदान बाकीचं शाबूत राहील."

मग मी तिला इलोनाचं सांगितलं. अकरापैकी सहा, दहापैकी सहा, शुक्रवार, बारा. ती पाव कुस्करत ऐकत होती.

"सिनेमा चांगला आहे?"

"चांगला आहे."

"व्हर्जिलला आवडला असता?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं असेल असं मला वाटलं. "माहीत नाही," मी म्हणालो. "त्याला पहिली वीस मिनिटं खटकली असती. पुढचं मला सांगता येत नाही."

"बरं झालं. हो म्हणाला असतास तर ही प्लेट उचलून घेतली असती मी. त्याच्या वतीने बोलणारे पुष्कळ झाले." ती उठली, चष्मा घेतला. "तो प्रिंटर चालू कर. आधी जेवढं निघतंय तेवढं काढू."

तीन ते साडेपाच आम्ही बसलो. कोणतं काढायचं ते ती सांगायची. काढायचं म्हणजे आधी शोधायचं, आणि तुमच्या पानावर जुनं शोधायला जन्म जातो. लग्नाच्या वर्षाचं एक, मुलीच्या जन्माच्या आठवड्यातलं एक. एका घोडेवाल्या सिनेमाला त्याने फाडून खाल्लं होतं, ते तिने मला मोठ्याने वाचायला लावलं आणि हसता हसता डोळे पुसले. साठ पानं निघाली. शेवटची दहा फिकट होती, शाई संपली होती. सहा हजारांतली साठ.

"अजून शाई आणू? दुकान उघडं असेल."

"नको. आणत बसलो तर मी पाठवणार नाही." तिने दाखला टेबलावर सपाट केला. "काढ फोटो."

मी फोटो काढला. तिने स्वतः बोट लावून पाठवला. मग फ्रिजवरचे कागद एकेक करून काढले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. चुंबक तिथेच राहिले. दाराशी येऊन म्हणाली, "त्या बाईला सांग, पहिली वीस मिनिटं लांबली आहेत, असं माझा नवरा कदाचित म्हणाला असता. कदाचित."

आज शुक्रवार. सकाळी नऊ चाळीसला तुमचं पत्र आलं, आर्लीनला आणि प्रत मला.

'दाखला मिळाला. श्री. टॅकेट यांचे खाते बंद करण्यात आले आहे. त्यांची सर्व सहा हजार एकशे चाळीस परीक्षणे व निकाल काढण्यात आले आहेत. मृत्यूच्या तारखेनंतर नोंदवलेले त्रेचाळीस निकाल त्यांचे नसल्यामुळे ते या कारवाईत येत नाहीत व कायम राहतील. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.'

मी पान उघडून पाहिलं. इलोनाच्या सिनेमापुढे अजून अकरा ठिपके आहेत. सहा हिरवे, पाच लाल. व्हर्जिलच्या लाल ठिपक्यावर व्हर्जिलचं नाव नाही. तिथे फक्त 'समीक्षक' लिहिलंय. ओळ तीच आहे, हेतू चांगला, पण सिनेमा लांबलेला.

म्हणजे माणसाने जिवंतपणी दिलेले निकाल तुम्ही पुसलेत, आणि तो मेल्यावर दिलेले ठेवलेत. आणि तुम्हीच लिहून दिलंत की ते त्याचे नाहीत.

आर्लीनला मी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "सहा हजार, ऑर्विल." आणि फोन ठेवला. इलोनाला अजून सांगितलेलं नाही. ती साडेदहापासून त्या कंपनीच्या शहरातल्या कचेरीत जाऊन बसणार होती, मुलाखतीचा कोट घालून. आकडा बघायला तिथे एक मोठा पडदा आहे म्हणे.

आता दहा वाजून दहा मिनिटं झालीत. हे पत्र मी तुम्हाला पाठवतोय, आणि हेच उद्या माझ्या रकान्यात छापतोय. विहिरीच्या सिनेमाच्या जागी. संपादकाला विचारलेलं नाही. तो नाही म्हणाला तर गावातल्या प्रत्येक थिएटरच्या दाराला चिकटवीन. खात्यातून माझं नाव काढायचं असेल तर काढा. मी हयात असल्याची खूण मागे घेऊ का, तेही सांगा. एरवी पुढच्या आठवड्यात तुम्ही माझ्या नावाने काय लिहिणार आहात ते मला वाचावंच लागेल.

पण ते नंतर. बाराच्या आत मला एवढंच हवंय. तो निकाल व्हर्जिलचा नाही, हे तुमचं वाक्य आहे. मग कोणाचा आहे? आमच्या खेळाला आम्ही चौघं होतो, शिकागोत दोघं होते, डेन्व्हरला एक, बाकीचे कुठे कुठे बसले ते मी फोन करून काढलंय. दहाच्या दहा माणसांची नावं माझ्याकडे आहेत. अकरावा कोण? त्या अंधारात बसून तो बर्फ कोणी ऐकला, आणि कोणाला तो लांबलेला वाटला? माणूस असेल तर त्याचं नाव द्या. कोणीच बसलं नसेल, तर तसं लिहा आणि ठिपका काढा.

एकशे दहा मिनिटं आहेत. उत्तर द्या.